ठळकपणाचे व्याकरण : स्लॅब सेरिफ टंकाची घडण आणि उपयोजन

१. प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासात 'संहिता' म्हणजे शब्दांची एका विशिष्ट क्रमाने केलेली मांडणी, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ती मांडणी कोणत्या अक्षरवळणात छापली गेली, कोणता शब्द जाड ठशात आला आणि कोणता साध्या, हा प्रश्न मुद्रकाच्या अखत्यारीतील मानून अभ्यासक पुढे जातो. हस्तलिखितांच्या बाबतीत मात्र तोच अभ्यासक शाईचा रंग, समासातील खुणा, पानावरील ओळींची संख्या यांची काटेकोर नोंद करतो. पोथीला एक न्याय आणि छापील पुस्तकाला दुसरा, ही विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये जन्मलेला आणि 'स्लॅब सेरिफ' या नावाने ओळखला जाणारा ठळक रोमन टंक हे ते उदाहरण होय. या टंकाकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की, तो जाहिरातीचा टंक आहे : ओरडून लक्ष वेधणे एवढेच त्याचे काम. ही दृष्टी चुकीची नसली तरी अपुरी आहे. बाजारातील भिंतीवर जन्मलेले हे अक्षर तीसेक वर्षांतच पुस्तकाच्या पानावर आले आणि पुढे कोशातील नोंदशब्दाचे अक्षर झाले. या प्रवासात ठळकपणाला स्वतःचे एक व्याकरण लाभले. ते व्याकरण कसे घडले, हे पाहणे आणि मराठी संहितांच्या अभ्यासकाला त्यातून काय घेण्याजोगे आहे, याचा शोध घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञा आणि घडण

रोमन लिपीतील अक्षराच्या उभ्या वा तिरक्या दांड्याच्या टोकाशी जी लहानशी आडवी रेघ असते, तिला 'सेरिफ' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील दिदो आणि इटलीतील बोदोनी यांच्या टंकांत ही रेघ केसासारखी बारीक झाली होती. उभे दांडे जाड, आडव्या रेघा व सेरिफ अत्यंत बारीक, असा तीव्र विरोध हे त्या वळणाचे वैशिष्ट्य. स्लॅब सेरिफ टंकाने हा विरोध जवळजवळ मोडीत काढला. येथे सेरिफ ही दांड्याइतकीच किंवा जवळपास तितकीच जाड असते. फरशीच्या लादीसारखी ती अक्षराच्या पायाशी आणि माथ्याशी बसवलेली दिसते. 'स्लॅब' ही संज्ञा त्यावरूनच आली.

या टंकाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात लादी आणि दांडा काटकोनात भेटतात, मध्ये कोणताही वळणदार जोड नसतो. हे मूळ 'अँटिक' किंवा 'इजिप्शियन' वळण. दुसऱ्या प्रकारात दांडा लादीला मिळताना आतल्या बाजूने किंचित वळतो, जाड-बारीक रेघांतील थोडा फरकही टिकून राहतो. हे 'क्लॅरेंडन' वळण. तिसऱ्या प्रकारात अक्षरे वर्तुळ, सरळ रेषा आणि काटकोन यांतून रचलेली असतात आणि सर्व रेघा एकाच जाडीच्या भासतात. हे विसाव्या शतकातील भौमितिक वळण होय.

अक्षर जाड करणे म्हणजे केवळ रेघ फुगवणे नव्हे, ही गोष्ट येथे प्रकर्षाने लक्षात घ्यावयास हवी. रेघ जाड होऊ लागली की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा आक्रसते आणि अक्षराची ओळख मुख्यतः त्या मोकळ्या जागेवर अवलंबून असते. म्हणून टंककाराला अक्षर बाहेरच्या बाजूने रुंद करावे लागते. ज्या अक्षरांत एकावर एक तीन आडव्या रेघा येतात, उदाहरणार्थ रोमनमधील लहान 'ए', 'ई' किंवा 'एस', तेथे उंची ठरलेली असल्याने रुंदी वाढवूनही प्रश्न सुटत नाही. अशा वेळी आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा हळूच बारीक कराव्या लागतात. तसेही समान जाडीची आडवी रेघ मानवी डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. त्यामुळे 'सर्व रेघा समान' दिसणारा टंक प्रत्यक्षात कधीही समान रेघांचा नसतो. जेथे दोन रेघा मिळतात, त्या सांध्यातही थोडी रेघ कापून घ्यावी लागते. अन्यथा तेथे शाई साचून डाग पडतो. धटिंगण वाटणाऱ्या या अक्षराची घडण अशा अनेक बारीक तडजोडींतून सिद्ध झालेली असते.

३. उगम : भिंत, घाई आणि अंतर

औद्योगिक क्रांतीच्या काळातील लंडनमध्ये छापील मजकुराचे एक नवे क्षेत्र उदयास आले. पुस्तक हातात धरून वाचले जाते; भित्तिपत्रक मात्र चालत्या माणसाने दुरून वाचावयाचे असते. नाटके, लिलाव, औषधे आणि १८२६ पर्यंत चालू असलेली सरकारी लॉटरी यांच्या भित्तिपत्रकांना पुस्तकी टंक अपुरा पडू लागला. यावरचा पहिला उपाय म्हणजे बोदोनी-दिदो वळणाचे उभे दांडे अतोनात फुगवणे. रॉबर्ट थॉर्न या टंककाराचे नाव या 'फॅट फेस' वळणाशी जोडले जाते. या अक्षरांतील सारे वजन उभ्या दांड्यांत एकवटलेले असे आणि बारीक रेघा बारीकच राहत. जवळून हे अक्षर डौलदार दिसे. परंतु दुरून बारीक रेघा दिसेनाशा होत आणि वाचकासमोर फक्त काळ्या पट्ट्या उरत. हलक्या कागदावर घाईने छापताना त्या बारीक रेघा तुटतही असत.

स्लॅब सेरिफ हे या अडचणीला मिळालेले उत्तर होते. लंडनमधील टंककार व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या ज्या नमुनापुस्तकात हे वळण प्रथम आढळते, त्यावर १८१५ हे साल आहे. मात्र ती पाने प्रत्यक्षात १८१७ च्या सुमाराची असावीत, असे मुद्रणेतिहासकार मानतात. फिगिन्स यांनी त्याला 'अँटिक' असे नाव दिले. वजन केवळ उभ्या दांड्यांत न ठेवता ते सर्व रेघांत वाटून देणे, हे या वळणाचे मर्म. एकही रेघ इतकी दुबळी नाही की जी दुरून हरवेल किंवा दाबाखाली मोडेल.

'इजिप्शियन' या नावाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. नेपोलियनच्या १७९८ मधील इजिप्त-स्वारीनंतर युरोपात इजिप्तविषयक कुतूहलाची लाट आली. १७९९ मध्ये सापडलेला रोझेटा शिलालेख १८०२ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होता आणि १८१२ मध्ये लंडनच्या पिकाडिली भागात 'इजिप्शियन हॉल' उभा राहिला. या वातावरणात १८१६ च्या सुमारास चौथ्या विल्यम कॅझलन यांनी 'इजिप्शियन' नावाचा टंक नमुन्यादाखल छापला. परंतु त्याला सेरिफच नव्हती. पुढे थॉर्न यांच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये त्यांची फॅन स्ट्रीट येथील ओतशाळा विल्यम थॉरोगुड यांनी विकत घेतली आणि १८२१ मध्ये जे जाड सेरिफचे अक्षर 'इजिप्शियन' या नावाने प्रसिद्ध केले, त्यालाच ते नाव कायमचे चिकटले. याचा अर्थ असा की, एकच नाव काही वर्षांच्या अंतराने परस्परविरोधी घडणीच्या दोन टंकांना मिळाले. पिरॅमिडच्या पायाशी किंवा मंदिराच्या खांबांशी या लादीचे साम्य शोधणारी स्पष्टीकरणे म्हणूनच सावधपणे घ्यावयास हवीत. नाव रूपावरून पडले नाही, ते काळाच्या आवडीवरून पडले.

४. भित्तिपत्रकाची वाक्यरचना

धातूचे मोठे खिळे ओतणे खर्चाचे होते. ते जड असत आणि निवताना त्यांचा पृष्ठभाग सर्वत्र सपाट राहण्याची खात्री नसे. १८२७ मध्ये न्यूयॉर्कमधील डॅरियस वेल्स यांनी लाकडी खिळे यंत्राने कोरण्याची पद्धती काढली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी तिला पँटोग्राफची जोड दिली आणि एकाच मूळ आकृतीवरून लहानमोठ्या, अरुंद-रुंद आकारांची अक्षरे कोरणे शक्य झाले. स्लॅब सेरिफचे वळण लाकडाला विशेष मानवले. बारीक टोके नसल्यामुळे लाकूड फुटण्याचे भय कमी होते. अमेरिकेतील भित्तिपत्रकांत या अक्षराचे असंख्य अवतार झाले. त्यांपैकी ज्यात लादी ही दांड्यापेक्षाही जाड असते, ते 'फ्रेंच क्लॅरेंडन' वळण आज चित्रपटांमुळे 'पश्चिम अमेरिकेचे अक्षर' म्हणून सर्वांना परिचित आहे.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. भित्तिपत्रकाची ओळ ही वाक्याची ओळ नसते. जुळाऱ्यापुढे एक ठरावीक रुंदी असते आणि बहुतेक ओळी त्या रुंदीत डावीकडून उजवीकडे पूर्ण बसाव्यात, अशी अपेक्षा असते. चार अक्षरांचा शब्द असेल तर रुंद टंक, बारा अक्षरांचा असेल तर अरुंद टंक, आणि 'व', 'चा', 'येथे' अशा अर्थाची जोडपदे लहान टंकात दोन मोठ्या ओळींच्या मध्ये. म्हणजे कोणता शब्द किती मोठा दिसणार, हे काही प्रमाणात त्याच्या महत्त्वावर आणि काही प्रमाणात त्याच्या अक्षरसंख्येवर ठरे. हेतू आणि योगायोग यांची ही सरमिसळ ध्यानात न घेता जुन्या पत्रकांतील प्रत्येक मोठ्या शब्दात अर्थ शोधणे धोक्याचे आहे.

तरीही त्यातून एक नवी वाक्यरचना निर्माण झाली, हे मान्य करावे लागते. क्रियापद मागे सरते, नामे पुढे येतात आणि संबंध दाखविणारी पदे जवळजवळ अदृश्य होतात. वाचक प्रथम चार-पाच मोठे शब्द टिपतो, त्यांतून एक आशय जुळवतो आणि थांबावेसे वाटले तरच लहान मजकूर वाचतो. एकाच मजकुराची ही दोन वाचने आहेत : एक दुरचे, एक जवळचे.

या वाचनपद्धतीचा साहित्याशी आलेला एक संबंध सर्वश्रुत आहे. पाब्लो फँक यांच्या सर्कशीच्या १४ फेब्रुवारी १८४३ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे होणाऱ्या प्रयोगाचे भित्तिपत्रक १९६७ मध्ये जॉन लेनन यांनी सेव्हनोक्स येथील जुन्या वस्तूंच्या दुकानात विकत घेतले. बीटल्सच्या त्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या ध्वनिमुद्रिकेतील मिस्टर काइट यांच्यावरील गीत या पत्रकातील नावे आणि शब्दप्रयोग घेऊन रचले गेले. रॉचडेलच्या जागी बिशपस्गेट आले, असे काही बदल झाले, परंतु पत्रकाची सांगण्याची रीत टिकून राहिली. पत्रकात जे काम भिन्न आकारांच्या आणि वळणांच्या अक्षरांनी केले होते, ते गीतात स्वर आणि वाद्यांनी केले. संहिता एका माध्यमातून दुसऱ्यात गेली तेव्हा शब्द जवळपास तेच राहिले. वजन वाहून नेण्याचे साधन मात्र बदलावे लागले. वजन हा संहितेचा भाग आहे, ते केवळ बाह्य रूप नाही, याचे हे सुस्पष्ट उदाहरण होय.

५. क्लॅरेंडन : भिंतीवरून पानावर

स्लॅब सेरिफच्या इतिहासातील निर्णायक वळण १८४५ मध्ये आले. फॅन स्ट्रीटच्या त्याच ओतशाळेतून रॉबर्ट बेझली यांनी 'क्लॅरेंडन' हा टंक प्रसिद्ध केला. त्याचे मूळ ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. अलंकरणात्मक आकृत्यांच्या संरक्षणासाठी ब्रिटनमध्ये १८४२ मध्ये झालेल्या कायद्याखाली या टंकाची नोंदणी करण्यात आली. ते संरक्षण तीन वर्षांचेच होते. मुदत संपताच इतर ओतशाळांनी आपापले क्लॅरेंडन बाजारात आणले. टंकाची उपयुक्तता किती सार्वत्रिक होती, याचा तो पुरावाच म्हणावा लागेल.

क्लॅरेंडनचे नावीन्य त्याच्या जाडीत नव्हते. त्याहून जाड अक्षरे आधीपासून होती. ते होते त्याच्या मापात. हा टंक तुलनेने अरुंद होता, लादी आणि दांडा यांमध्ये वळणदार जोड होता, आणि मुख्य म्हणजे साध्या रोमन टंकाच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच पायरेषेवर तो बसत होता. यापूर्वी ओळीतील एखादा शब्द वेगळा दाखवावयाचा तर तिरपा इटॅलिक टंक, मोठी अक्षरे किंवा जुने गॉथिक वळण यांपैकी एकाचा आश्रय घ्यावा लागे. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात नोंदशब्द मोठ्या अक्षरांत आहेत. आता त्याच कामासाठी वजन हे स्वतंत्र साधन हाती आले.

इटॅलिक आणि ठळक यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. इटॅलिक शब्द वाचता वाचता जाणवतो. तो वाक्याच्या आत राहून स्वराचा बदल सुचवितो. ठळक शब्द वाचण्यापूर्वीच दिसतो. तो वाक्याबाहेर उभा राहून स्थान दाखवितो. इटॅलिकचे नाते उच्चाराशी आहे, ठळकपणाचे शोधाशी. कादंबरीतील संवादात एखाद्या शब्दावर दिलेला जोर ठळक टंकात छापला तर पान उघडताच तो शब्द डोळ्यांत भरतो आणि प्रसंगाचा भंग होतो. उलट कोशातील नोंदशब्द इटॅलिकमध्ये छापला तर तो सापडत नाही. प्रत्येक साधनाचे क्षेत्र वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकातील ठळक टंकांच्या वापरावर मायकेल ट्वायमन यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे हा विषय मुद्रणेतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा झाला.

१८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी कोशात नोंदशब्दांसाठी क्लॅरेंडन वळणाचा टंक वापरला गेला. एका पानावर तीन स्तंभ, व्युत्पत्ती, अर्थाच्या शाखा-उपशाखा आणि कालानुक्रमे दिलेली अवतरणे, अशी ती गर्दी. त्या गर्दीत वाचकाला इष्ट शब्दाशी नेऊन पोहोचविण्याचे काम हे अक्षर करते. ज्या अक्षराने लंडनच्या भिंतीवर चालत्या माणसाला थांबवले, तेच आता विद्वानाला शोधाच्या वाटेवर थांबवीत होते. दोन्ही ठिकाणी कार्य एकच : वाचनाआधी दिसणे. इंग्लंडच्या छापखान्यांत 'क्लॅरेंडन' हा शब्द पुढे 'ठळक टंक' या सामान्य अर्थाने रूढ झाला, हेही सूचक आहे.

६. वृत्तपत्र आणि टंकलेखन यंत्र

लादीचा उपयोग केवळ ठळकपणापुरता मर्यादित राहिला नाही. वेगाने फिरणारी मुद्रणयंत्रे, ओतीव पट्ट्यांवरून होणारी छपाई आणि शाई शोषून घेणारा खरखरीत कागद यांमुळे वृत्तपत्रांच्या लहान टंकातील बारीक रेघा नाहीशा होत आणि अक्षरांची पोटे शाईने भरून जात. १९२५ मध्ये लायनोटाइप कंपनीने सी. एच. ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 'आयॉनिक क्रमांक ५' हा टंक तयार केला आणि पुढील वर्षी अमेरिकेतील 'न्यूअर्क ईव्हनिंग न्यूज' या दैनिकाने तो स्वीकारला. क्लॅरेंडनच्या कुळातील हा टंक ठळक नव्हता; त्याने मोकळी पोटे आणि सशक्त सेरिफ एवढेच पूर्वजाकडून घेतले होते.

टंकलेखन यंत्राची अडचण निराळी होती. त्यात प्रत्येक अक्षराला समान रुंदीची जागा मिळते. रोमनमधील 'आय' आणि 'एल' ही अक्षरे स्वभावतः अरुंद. त्यांच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहून शब्द फाटल्यासारखा दिसतो. या अक्षरांना लांब लाद्या दिल्या की ती जागा भरून निघते. १९५० च्या दशकात आय.बी.एम. कंपनीसाठी हॉवर्ड केटलर यांनी रेखाटलेला 'कूरियर' हा याच तत्त्वावरचा टंक. इंग्रजी चित्रपटसंहिता बारा पॉइंट कूरियरमध्ये लिहिण्याचा संकेत पुढे इतका दृढ झाला की, एक पान म्हणजे पडद्यावरील साधारण एक मिनिट, असा ठोकताळा त्यावर आधारला गेला. अक्षराची रुंदी हे येथे काळ मोजण्याचे माप झाले आहे.

७. विसाव्या शतकातील पुनरागमन

विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्लॅब सेरिफ जुनाट मानले जाऊ लागले होते. १९२७ मध्ये पॉल रेनर यांच्या 'फ्युचुरा' या सेरिफविरहित भौमितिक टंकाला जे यश मिळाले, त्याच्या पाठोपाठ त्याच भूमितीला लादी जोडण्याची कल्पना पुढे आली. रुडॉल्फ वोल्फ यांचा 'मेम्फिस' १९२९ मध्ये, गेओर्ग ट्रुम्प यांचा 'सिटी' १९३० च्या सुमारास आणि मोनोटाइप कंपनीचा 'रॉकवेल' १९३४ मध्ये आला. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यानंतर इजिप्तचे आकर्षण पुन्हा जागे झाले होते. 'मेम्फिस', 'कर्नाक' अशा टंकनामांत त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. पॉल रँड यांनी १९५६ मध्ये आय.बी.एम. कंपनीसाठी केलेली अक्षरमुद्रा 'सिटी' या टंकावरच आधारलेली आहे. १९७२ मध्ये तिला आडव्या पट्ट्यांचे आजचे रूप मिळाले.

दुसरीकडे जुन्या वळणाचा आदरही परतला. निकोलेट ग्रे यांनी १९३८ मध्ये एकोणिसाव्या शतकातील अलंकृत टंकांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून या उपेक्षित अक्षरांना अभ्यासाचा दर्जा दिला. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' मध्ये इजिप्शियन वळणाची अक्षरे इमारतींवर मानाने झळकली आणि १९५३ मध्ये हेर्मान आयडेनबेन्ट्स यांनी क्लॅरेंडनची नवी आवृत्ती सिद्ध केली. पेटर मॅथिआस नूर्डझाय यांच्या १९९० च्या 'सेसिलिया' या टंकात लादी इतकी सौम्य झाली की, तो सलग वाचनाला योग्य ठरला. २००७ मध्ये आलेल्या किंडल या ई-वाचनयंत्राच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत तोच वापरला गेला. पडद्यावरील ठिपक्यांत बारीक रेघ टिकत नाही, ही अडचण तत्त्वतः १८१७ च्या भित्तिपत्रकाचीच होती आणि तिचे उत्तरही तेच निघाले.

८. देवनागरीच्या संदर्भात

या विवेचनाचा देवनागरीशी असलेला संबंध तपासताना प्रथम एक सुलभ समीकरण टाळले पाहिजे. शिरोरेखा म्हणजे देवनागरीची लादी नव्हे. सेरिफ हा दांड्याचा शेवट आहे. शिरोरेखा ही अक्षरांना एका शब्दात बांधणारी रेघ आहे. ठळक स्लॅब सेरिफमध्ये शेजारशेजारच्या लाद्या जवळ येऊन ओळीला आडवा बांध मिळतो, एवढेच साम्य. तो बांध खंडित असतो आणि पायथ्याशीही असतो.

ठळकपणाचा प्रश्न मात्र देवनागरीत अधिक बिकट आहे. रोमनमध्ये मोठी अक्षरे, लहान अक्षरे, इटॅलिक आणि ठळक अशी साधनांची विभागणी आहे. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नाही आणि इटॅलिकची स्वतंत्र परंपरा नाही. त्यामुळे शीर्षक, व्याख्या, नोंदशब्द, मूळ ओवी किंवा श्लोक, लेखकाने दिलेला जोर, या सर्वांचा भार जाड ठसा आणि अवतरणचिन्हे यांच्यावर येऊन पडतो. इंग्रजीत चार साधनांत वाटलेले काम येथे दीड साधन करते. तशात 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांसारख्या गुंतागुंतीच्या अक्षरांत आणि उभ्या मांडणीच्या जोडाक्षरांत रेघ जाड करण्यास जागाच नसते. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेला त्रिखंडात्मक ग्रंथ देवनागरी टंकाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. संगणकावर मात्र स्वतंत्र ठळक टंक उपलब्ध नसता केवळ कळ दाबून अक्षर फुगवले जाते, तेव्हा मात्रा शिरोरेखेला चिकटतात आणि 'ष' व 'प' यांतील फरक पुसट होतो. अनेक प्रबंधांची शीर्षके याची साक्ष देतील. फुगवलेली रेघ आणि घडवलेले ठळक अक्षर यांतील जो भेद या लेखाच्या दुसऱ्या भागात सांगितला, तो येथे व्यवहारात दिसतो.

पोथीपरंपरेत मजकुराची श्रेणी दाखविण्याची रीत वेगळी होती. श्लोकांक, दंड आणि समाप्तिलेख गेरू किंवा तांबड्या शाईने ठळकविले जात. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ पाठ मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर-खाली लहान अक्षरांत लिहिली जाई. म्हणजे महत्त्व हे रंग, आकार आणि स्थान यांनी सांगितले जात होते. छपाईत तांबडी शाई खर्चाची ठरली आणि तिचे काम जाड ठशाने पत्करले. 'सार्थ' आवृत्त्यांत मूळ ओवी जाड ठशात आणि अर्थ साध्या ठशात छापण्याची जी प्रथा आहे, ती या स्थित्यंतराचे फलित होय.

येथेच पाठचिकित्सेचा खरा प्रश्न उभा राहतो. जुन्या छापील आवृत्तीतील जाड ठसा कोणाचा, लेखकाचा, संपादकाचा की जुळाऱ्याचा? पुढील आवृत्तीत तो गाळला असेल किंवा नव्याने घातला असेल, तर तो पाठभेद मानावा की नाही? मजकुराच्या अंकीय नोंदीमुळे हा प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. युनिकोडमध्ये अक्षराची ओळख नोंदली जाते, त्याचे वजन नाही. छापील पानावरून साधा मजकूर उतरवून घेतला की शब्द राहतात आणि ठळकपणा निघून जातो. निबंधातील ज्या शब्दावर लेखकाने हेतुपुरस्सर भार दिला होता, तो शब्द इतरांच्या रांगेत जाऊन बसतो आणि नव्या वाचकाला काही हरवल्याची जाणीवही होत नाही.

९. समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, स्लॅब सेरिफ टंकाची घडण ही दूर अंतर, हलका कागद, वेगवान यंत्र आणि समान रुंदी अशा प्रत्यक्ष अडचणींना मिळालेल्या उत्तरांची मालिका आहे. त्याची नावे मात्र काळाच्या आवडीतून आली. दोन, भित्तिपत्रक आणि कोश ही दोन टोके वाटत असली तरी वाचनाआधी दिसणे हे ठळक अक्षराचे कार्य दोन्हीकडे समान आहे आणि १८४५ चा क्लॅरेंडन हा त्या दोहोंना जोडणारा दुवा आहे. तीन, वजन हे अर्थनिर्देशाचे साधन असल्यामुळे ते संहितेच्या बाहेरचे मानता येत नाही.

यावरून मराठीच्या संशोधकाने पाळावयाची शिस्तही सूचित होते. छापील संहितेचे वर्णन करताना जाड ठशाची स्थळे नोंदवावीत. आवृत्त्यांची तुलना करताना त्यांतील बदल टिपावेत. उतारा उद्धृत करताना भार मूळचा की उद्धृत करणाऱ्याचा, हे सांगावे. आणि जुने ग्रंथ संगणकावर उतरविताना ठळकपणा दर्शविणाऱ्या खुणा शब्दांबरोबरच जतन कराव्यात. पोथीतील गेरूच्या खुणेला जो मान दिला जातो, तोच छापील पानावरील काळ्या खुणेलाही मिळाला, तर मराठीच्या मुद्रितयुगातील संहिता अधिक विश्वासाने वाचता येतील.